भिंतीपलीकडचा सा

गाणं परत आलं तेव्हा मी दुकानात एका गृहस्थांच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवत होते. फोन वाजला, मी एका डोळ्याने निरोप वाचला आणि त्या नादात त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे भलतंच भिंग घातलं.

"आता तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

"मलाही," मी म्हणाले.

रेडिओवर दर शनिवारी सकाळी अर्धा तास घरी केलेली गाणी लावतात. ज्यांच्याकडे स्टुडिओ नाही, ओळख नाही, नुसती हौस आहे अशा आमच्यासारख्यांची. तो कार्यक्रम करणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, 'गाणं आवडलं. पण ऐकताना पोकळ वाटतं. आवाज अधांतरी लटकल्यासारखा होतो. पंधरा दिवसांत सुधारून पाठवलंत तर पुन्हा ऐकू. दुसऱ्यांदा परत गेलेलं गाणं मात्र आम्ही घेत नाही.'

पोकळ! चार महिने मी त्या गाण्यात जीव ओतला होता आणि या बाईंना ते पोकळ वाटलं. माझा स्वभाव असा की कोणी 'जमणार नाही' म्हटलं तर मला रात्रभर झोप येत नाही, आणि 'जमलं नाही' म्हटलं तर समोरच्याला येऊ देत नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. हे गाणं शनिवारी रेडिओवर लागणार म्हणजे लागणारच, असं मी त्या गृहस्थांचं डावं भिंग बदलता बदलता ठरवून टाकलं.

आमचं घर तिघांचं. दादा शाळेची बस चालवतो. वहिनी शिवणकाम करते, तेही रुमाल-पडदे नव्हे, इस्पितळातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने. आणि मी त्यांची एकोणचाळीस वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, तापट बहीण आणि नणंद. दादा मला भिंगू म्हणतो, कारण सोळा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतेय.

गाण्याचे शब्द माझे, चाल माझी, आवाज वहिनीचा. वहिनी कुठे शिकलेली नाही. ती कोट शिवता शिवता गुणगुणायची आणि मी भिंतीपलीकडून ऐकायचे. एक दिवस मी तिला मायक्रोफोनसमोर उभं केलं. दारंखिडक्या बंद, पंखा बंद, मशीन बंद. दोन दमांत तिने गाणं म्हणून टाकलं आणि पुन्हा काज करायला गेली.

पुढचं सगळं, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र बसवायचं मिक्सिंग, माझं. माझ्या खोलीत एका टेबलावर लॅपटॉप, दोन स्पीकर आणि छोटी पेटी. हेडफोन मी लावत नाही, चष्म्याच्या काड्या कानामागे रुततात. दुकानातून पाचला सुटले की साडेपाच ते साडेसात मी बसायचे. भिंतीपलीकडे वहिनीचं मशीन चालू असायचं. कारखान्यातून जुनं घेतलेलं ते मशीन असं आहे की एकदा बटण दाबलं की शिवत असो वा नसो, त्याची मोटार घुमतच राहते. इतक्या वर्षांत मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. आपल्या घरातल्या घड्याळाची टिकटिक कोणाला ऐकू येते?

गाण्यात पेटी होती, दुकानातल्या एका सहकाऱ्याची गिटार होती आणि ठेक्यासाठी चष्म्याची रिकामी डबी मीच वाजवली होती. आधी खाली खर्जातला एक जाड, भरीव बेसही घातला होता. पण तो वाजला की सगळं गढूळ व्हायचं. मग मी तो कमी केला, आणखी कमी केला, शेवटी काढूनच टाकला. तेव्हा कुठे गाणं स्वच्छ वाटलं. स्वतःवर मी भलतीच खूश झाले.

त्याच दिवशी वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. गळ्यात मापाची टेप, बोटाला सुई टोचू नये म्हणून घातलेलं टोपण.

"ताई, एक सांगू का?"

"नंतर सांग गं, आत्ताच कुठे बसतंय."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. हे तेव्हा माझ्या लक्षातही राहिलं नाही. आता राहिलंय.

तर गाणं परत आलं आणि मी कामाला लागले.

पहिली चूक मला लगेच सापडली. गाणं पाठवण्याआधी मी अकरा जणांना ते ऐकवून विचारलं होतं, "कसं वाटलं?" अकराही जण म्हणाले होते, "छान." सोळा वर्षं नंबर काढणाऱ्या बाईने अशी चूक करावी म्हणजे हद्द झाली. 'कसं दिसतंय?' असं विचारलं की गिऱ्हाईक 'छान' म्हणतं. ज्याला समोरचा दरवाजा दिसत नाही तोसुद्धा 'छान' म्हणतो. कारण बिचाऱ्याला वाटतं, आपली परीक्षा चाललीय. म्हणून आम्ही तसं विचारतच नाही. एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, 'आधीचं बरं की आत्ताचं?' मग माणूस खरं बोलतो.

मी एक मोठा कागद घेतला आणि चार रकाने आखले. कोणी ऐकलं. कशावर. कुठे. काय म्हणाले. गाण्याचे दोन प्रकार केले, एकात आवाज पुढे, दुसऱ्यात पेटी-गिटार पुढे, आणि निघाले.

दादाने रिकाम्या बसमध्ये परतीच्या फेरीत ऐकलं. "दोन्ही झकास. पहिलं जास्त झकास."

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशींनी दुकानातल्या स्पीकरवर लावलं. मागे चार यंत्रं कपडे घुसळत होती. "पहिलं मस्त गं. मी तीनदा लावलं. इस्त्री कधी संपली कळलं नाही."

मला जरा हुरूप आला. मग आमच्या मालकांनी दुकान उघडायच्या आधी, शटर अर्धं वर असताना ऐकलं. मालक माणूस मोजकं बोलणारा. दोन्ही ऐकून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात मुंगी गातेय."

"कुठलं? पहिलं की दुसरं?"

"पहिल्यात मुंगी जवळ आहे. दुसऱ्यात लांब."

वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलं. "आवाज गोड आहे, पण एकटा पडलाय," त्या कुजबुजल्या. गिटारवाल्या सहकाऱ्याने काय सांगितलं असेल? गिटार वाढव! ते मी कागदावर लिहिलंही नाही. ज्याचं वाद्य त्याला ते कमीच ऐकू येतं. पण जाता जाता तो आणखी एक बोलला, "तुझ्या वहिनींचा सूर कुठल्याच पट्टीत नाही. पांढरी पाच म्हणावी तर वर, काळी चार म्हणावी तर खाली. मला गिटारच्या सगळ्या तारा थोड्या थोड्या चढवाव्या लागल्या होत्या."

ते खरं होतं. मीही पेटीचा सूर लॅपटॉपमध्ये थोडा सरकवून तिच्या आवाजाशी जुळवला होता. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता मात्र डोक्यात प्रकाश पडला, किंवा मला तसं वाटलं. आवाज एकटा, आवाज लटकलेला, आवाज पट्टीत नाही. म्हणजे चूक कोणाची? आवाजाची! पेटी बरोबर, गिटार बरोबर, मिक्स बरोबर, मी तर बरोबरच. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात ते हेच, पण त्या संध्याकाळी मला हे कोण सांगणार?

वहिनी जेवणाच्या टेबलावर कोटांना बटणं लावत बसली होती.

"वहिनी, आवाज पुन्हा घ्यावा लागेल," मी म्हणाले. "पातळ पडतोय. आणि सूर..."

तिने सुई उशीत खोचली. "सूर काय?"

"दोन पट्ट्यांच्या मधे आहे."

"माझा सा जिथे असतो तिथेच आहे."

"अगं, पण तो पेटीत नाही."

"मग पेटीत नसेल," ती शांतपणे म्हणाली.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण बारा दिवस उरले होते आणि माझी जीभ डोक्याच्या पुढे धावते. "तुझ्या आवाजात दमच नाही गं," मी म्हणाले, "मी कितीही मिक्स करत बसले तरी त्यातून काय निघणार?"

 हातातलं बटण तिने पुरतं लावलं, दोरा दाताने तोडला, कोटाची घडी केली आणि म्हणाली, "बरं." वहिनीचं 'बरं' दोन प्रकारचं असतं. हे दुसरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापलेल्या कोटांचं गाठोडं घेऊन तिच्या मैत्रिणीकडे गेली. मैत्रीणही शिवणकाम करते, दोन गल्ल्या सोडून राहते. "तिच्याकडे टेबल मोठं आहे," वहिनीने दादाला सांगितलं. आमच्या घरातलं टेबल सात वर्षांत कधी लहान पडलं नव्हतं.

दोन दिवस हेच चाललं. ती सकाळी जायची, रात्रीच्या जेवणाला यायची, वाढायची, विचारलं तेवढं बोलायची. गुणगुणणं पूर्ण बंद. त्या दोन दिवसांत मीही लॅपटॉपकडे फिरकले नाही. दादा तिसऱ्या दिवशी बूट घालता घालता म्हणाला, "भिंगू, काय बोललीस तिला?"

"गाण्याबद्दल बोलले. मिक्सचं काय ते तुला नाही कळणार."

"मला नाही कळत," दादा म्हणाला. "पण घरात कोणी गात नाहीये एवढं कळतंय." आणि बसच्या किल्ल्या घेऊन निघून गेला.

मला राग आला. त्याचा, तिचा, रेडिओवाल्या बाईंचा. रागाच्या खाली कुठेतरी लाजही वाटत होती, पण तिच्याकडे मी पाहत नव्हते. नऊ दिवस उरले होते. आवाज पुन्हा मिळणार नसेल तर आहे त्याच आवाजाला जाड करू, काय वाटेल ते करू, असं ठरवून मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि दुपारी तीन वाजता टेबलाशी बसले. गाणं लावलं.

आणि दचकले.

गाणं वाळक्या काटकीसारखं वाजत होतं. पेटी चिरकत होती, गिटारच्या नुसत्या तारा ऐकू येत होत्या, माझी डबी डोक्यात टकटक करत होती आणि वहिनीचा आवाज या सगळ्याच्या वर, खाली काहीही आधार नसलेला, लटकत होता. अधांतरी. रेडिओवाल्या बाईंचा शब्द न् शब्द खरा होता.

माझं पहिलं मत असं झालं की लॅपटॉप बिघडला. वायरी काढल्या, पुन्हा लावल्या. स्पीकर उलटे करून पाहिले. जुनी फाइल उघडली, तीही तशीच. रविवारी हेच गाणं इथेच बसून मी ऐकलं होतं आणि ते भरलेलं होतं, गोल होतं, उबदार होतं! मग तीन दिवसांत झालं काय? टेबल तेच. भिंत तीच. खुर्ची तीच. पाणी प्यायला उठले तेव्हा घर किती शांत आहे ते जाणवलं. इतकं शांत की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू येत होता.

मी तशीच वहिनीच्या खोलीत गेले. मशीनवर कापड झाकलेलं होतं. ते काढलं आणि बटण दाबलं. मोटार घुमायला लागली. मी परत माझ्या खोलीत आले.

गाणं जिवंत झालं होतं. भिंतीतून, टेबलातून, खुर्चीच्या पायांतून ती घरघर वर येत होती आणि वहिनीच्या आवाजाखाली येऊन बसत होती, जणू तिथे तिची जागा राखून ठेवलेली होती. मी धावत जाऊन मशीन बंद केलं, धावत परत आले. काटकी. पुन्हा चालू केलं. गाणं. अशा चार चकरा झाल्या तेव्हा दादा बस लावून घरी आला.

"दादा, बूट राहू देत. मशीनपाशी जा. मी ओरडले की बटण दाब, पुन्हा ओरडले की बंद कर."

"तुला ताप आलाय का?"

"जा म्हणते ना!"

तो गेला. मी डोळे मिटले. "चालू!" मी ओरडले. "बंद! चालू! बंद!" आधीचं बरं की आत्ताचं? विचारायचीसुद्धा गरज नव्हती. पलीकडून दादा ओरडला, "अगं, पुढचा थांबा कुठला ते तरी सांग!"

मी पेटी ओढली आणि मोटारीचा सूर शोधायला लागले. पांढरी पाच वाजवली. मोटार त्याहून वर. काळी चार वाजवली. मोटार त्याहून खाली. माझा हात पेटीवरच राहिला. मग मी पेटी, गिटार, डबी सगळं बंद केलं आणि वहिनीचा एकटा आवाज लावला. तिचा सा आणि मोटारीचा सूर, दोघांच्या मधून केससुद्धा गेला नसता.

सात वर्षं ती त्या मशीनवर बसून गुणगुणतेय. तिने सूर पेटीवरून घेतलेलाच नव्हता, मशीनवरून घेतला होता. मायक्रोफोनसमोर उभी राहिली, मशीन बंद केलं, तरी तो तिच्या कानात जिथल्या तिथे होता. गाण्याखालचा माझा बेस मला गढूळ वाटत होता कारण खाली आधीच एक बेस घुमत होता. तो भिंतीपलीकडे होता आणि माझ्या गाण्यात नव्हता. आणि मी त्या बाईला सांगितलं होतं की तुझ्या आवाजात दम नाही.

कागद समोरच होता. 'काय म्हणाले' हा रकाना मी शंभरदा वाचला होता. 'कुठे' हा रकाना पहिल्यांदा वाचला. दादा, बसमध्ये, इंजिन चालू. लाँड्री, चार यंत्रं चालू. मी, घरी, मशीन चालू. आम्हा तिघांना छान. मालक, बंद दुकानात. ग्रंथपाल, वाचनालयात. रेडिओवाल्या बाई, त्यांच्या त्या बंद खोलीत. त्या तिघांना पोकळ. चष्म्याच्या दुकानात हे मी रोज बघते. ज्याला नंबर लागलाय त्याला वाटतं जगच पुसट आहे. माझ्या कानाला नंबर लागला होता आणि मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला दोष देत होते.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर दिसली. ज्या बाईने गाणं म्हटलं, जी रोज सहा फुटांवरून ते ऐकत होती, तिचं नाव कोणत्याच ओळीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"दादा, मशीन बंद कर," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

वहिनीच्या मैत्रिणीची खोली रस्त्याला लागून आहे. टेबल खरंच मोठं होतं. दोघी समोरासमोर बसून बाह्या जोडत होत्या. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि "मी चहाचं बघते" म्हणून आत गेली. शहाणी बाई.

माफी मागायचा मला सराव नाही. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "वहिनी, चूक माझी होती. सगळी. तुझा सा मशीनवर आहे आणि मी तो पेटीत शोधत बसले. तुझा आवाज बरोबर आहे. माझं मिक्स पोकळ आहे. आणि मी तुला जे बोलले ते मी बोलायला नको होतं."

वहिनीने बाही संपवली. मग माझ्याकडे पाहिलं. "मशीन बंद असताना ऐकलंत वाटतं."

"तुला कसं कळलं?"

"मी रोज ऐकते ना. मशीन चालू असलं की बरं वाटतं, बंद केलं की गाणं गारठतं. तुम्ही ते खालचं जाड काढलंत त्याच दिवशी दारात आले होते सांगायला."

मला तो दिवस आठवला. टेप, टोपण, 'एक सांगू का'. तोंडात मारल्यासारखं झालं. "मग सांगायचं नाहीस का!"

"तुम्ही 'नंतर' म्हणालात," वहिनी म्हणाली. "मी नंतर व्हायची वाट बघत होते."

 आतून कपांचा आवाज आला.

"आवाज मी पुन्हा देणार नाही, ताई," ती म्हणाली. "एकदा म्हटलं ते म्हटलं."

"आवाज नकोच. त्याला मी हातसुद्धा लावणार नाही. तू फक्त कान दे."

तिने टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "आधी हे चाळीस कोट. परवा संध्याकाळी येते."

परवा संध्याकाळपर्यंत मी मायक्रोफोन मशीनच्या मोटारीखाली, चिंध्यांच्या गादीवर ठेवून पाच मिनिटं नुसती घरघर भरून घेतली. जुना बेसही परत काढून बघितला, पण तो पेटीच्या मूळ पट्टीतच राहिलेला पाहुणा होता, वहिनीच्या आवाजाशी त्याचं सूत जमेना. मोटारीची घरघर ठेवली की मात्र सगळं आपोआप बसत होतं.

ठरल्याप्रमाणे वहिनी आली. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, दुकानात गिऱ्हाइकाला बसवते तसं, पाठ सरळ, नजर समोर. घरातला पंखा बंद, मशीन बंद.

"आधीचं बरं," मी ऐकवलं, "की आत्ताचं?"

"आत्ताचं. पण मशीन ऐकू येतंय. गाणं म्हणतेय की बाही लावतेय तेच कळत नाही. कमी करा."

कमी केलं.

"आणखी."

आणखी केलं.

"अजून."

"वहिनी, आता ते ऐकूच येत नाहीये!"

"मग काढून टाका बघू."

मी काढलं. गाण्याखालची जमीन सरकली. दोघीही एकदमच ओरडलो, "ठेवते!" आणि "ठेवा!" मग तीही हसली आणि मीही, पाच दिवसांनंतर पहिल्यांदा.

तिचे कान मी तोवर ओळखलेच नव्हते. ज्या बाईला कापडावर एका धाग्याचा फरक दिसतो तिला आवाजातला का ऐकू येऊ नये? पेटी कुठे टोचते ते तिने सांगितलं. गिटार तिने वाढवू दिली नाही, उलट दुसऱ्या कडव्यात काढायला लावली. माझं कुठेतरी दुखलं की मी भांडायचे आणि ती म्हणायची, "आधीचं लावा, मग आत्ताचं लावा." माझंच औषध मला. चार संध्याकाळी आम्ही बसलो. रोज नवीन प्रकार घेऊन मी सकाळी दुकान उघडायच्या आधी मालकांकडे जायचे आणि दुपारी वाचनालयात. बस आणि लाँड्रीला सुट्टी दिली होती. लाँड्रीवाल्या मावशी रागावल्या तर रागावल्या.

तेराव्या दिवशी मालकांनी शटर अर्धं वर ठेवून गाणं ऐकलं, संपल्यावर चष्मा पुसला. मग म्हणाले, "मुंगी गेली." ग्रंथपाल बाईंनी हेडफोन काढून डोळे पुसले आणि वर 'शांतता राखा' लिहिलेल्या पाटीखाली मोठ्याने "वा!" म्हणाल्या.

चौदाव्या दिवशी मी गाणं पाठवलं. एक दिवस हाताशी ठेवून.  आता ते परत आलं असतं तर कायमचं आलं असतं, आणि या वेळी दोष द्यायला मला अंगणही उरलं नव्हतं.

चार दिवसांनी रेडिओवाल्या बाईंचा फोन आला. मी दुकानात होते. "या शनिवारी लावतोय," त्या म्हणाल्या. पुढचं काही क्षण मला ऐकू आलं नाही. मग त्या विचारत होत्या, "एक सांगा, खाली तंबोरा कुठला लावलात? फार वेगळा लागलाय, पट्टीतही नाही आणि सोडवतही नाही."

"घरचाच आहे," मी म्हणाले. "एरवी डॉक्टरांचे कोट शिवतो."

शनिवारी सकाळी दादाने रेडिओ वहिनीच्या खोलीत आणून ठेवला. वहिनी मशीनवर होती, एक कोट अर्धा झाला होता. रेडिओवाल्या बाईंनी माझं नाव घेतलं, मग तिचं घेतलं, आणि वहिनीने हात पुढे करून मशीनचं बटण बंद केलं. घर शांत झालं.  हीच ती शांतता, याच शांततेत मी काटकी ऐकली होती.

गाणं लागलं. उभं राहिलं. कुठेही लटकलं नाही. वहिनी चार मिनिटं दहा सेकंद हात मांडीवर ठेवून बसली होती आणि तिच्या स्वतःच्या आवाजाखाली तिचंच मशीन, बंद असूनही, चालू होतं. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी चष्मा पुसायचं नाटकही केलं नाही.

गाणं संपलं. वहिनीने मशीनचं बटण दाबलं, कोट पुढे सरकवला. थोड्या वेळाने ती गुणगुणायला लागली, वेगळंच काहीतरी, मी कधी न ऐकलेलं. मी ऐकत राहिले.

संध्याकाळी टेबलाशी बसले तेव्हा माझा चार रकान्यांचा कागद लॅपटॉपवर टेकवून ठेवला होता. खाली एक नवीन ओळ होती. कापडावर खूण करायच्या निळ्या खडूने, ठसठशीत अक्षरात लिहिलेली.

कोणी ऐकलं: मी. कशावर: रेडिओवर. कुठे: घरी, मशीन बंद. काय म्हणाले: 'भरलं. पण तिसऱ्या कडव्यात तुमची डबी जास्त वाजते. हे या वेळी मी 'नंतर'वर टाकणार नव्हते.'